मॅच फी सेम झाली, मग आता कटकट कशाची?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात एका मुलीचं चार ओळींचं पत्र छापलं होतं, एकाच मैदानावर एकाच दिवशी खेळतो तर मुलांचं बक्षीस जास्त आणि आमचं कमी का, एवढंच तिने विचारलेलं. त्यावर नागपुरातून इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की केसगळती आणि सोसायटीचं पार्किंग या वेळी बाजूला ठेवलंय. सगळी पत्रं छापता येणार नाहीत, जी छापली ती थोडी कापलीत आणि शिव्या तर सगळ्याच कापल्यात.

ताई, माझी मुलगी १३ वर्षांची आहे, क्रिकेट खेळते, फास्ट बॉलिंग टाकते, पोरांसोबतच प्रॅक्टिस करते. सासूबाई म्हणतात काहून पैसे घालवून राहिली, पोरीच्या जातीला त्यात काय मिळते. मिस्टर म्हणतात आता बीसीसीआयने बायकांना पुरुषांएवढेच पैसे केले, पेपरात आलं होतं. खरं काय ते सांगा, घरातलं रोजचं महाभारत तरी थांबेल.
– एक आई, मानेवाडा

महाभारत थांबणार नाही ताई, कारण दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत.

मिस्टरांनी वाचलं ते खरंच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयने जाहीर केलं की भारताच्या महिला टीमला पुरुषांएवढीच मॅच फी मिळणार, म्हणजे टेस्टला १५ लाख, वनडेला ६ लाख आणि टी-ट्वेंटीला ३ लाख. न्यूझीलंडने हे त्याच वर्षी जुलैमध्ये केलं होतं, मग आपल्याकडे. चांगलं झालं, त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही. पण मॅच फी म्हणजे मॅच खेळली तर मिळणारा पैसा हो, आणि गोम तिथेच आहे. आपल्या महिला टीमने नोव्हेंबर २०१४ मध्ये म्हैसूरला टेस्ट खेळली आणि त्यानंतरची एकदम जून २०२१ मध्ये ब्रिस्टलला, मधली साडेसहा वर्षं एकही टेस्ट नाही. आता १५ लाख करा नाहीतर ५० लाख करा, मॅचच ठेवली नाही तर हातात शून्यच येणार ना.

दुसरं म्हणजे वर्षाचा करार, खेळो न खेळो बोर्ड जे पक्के पैसे देतं ते. २०२४-२५ च्या करारात पुरुषांच्या सगळ्यात वरच्या गटाला ७ कोटी होते आणि महिलांच्या सगळ्यात वरच्या गटाला, म्हणजे हरमनप्रीत, स्मृती आणि दीप्ती यांना, ५० लाख. चौदा पट फरक. पुरुषांचा सगळ्यात खालचा सी गट १ कोटीचा, म्हणजे टीम इंडियाची कॅप्टन त्या शेवटच्या गटातल्या पोराच्याही निम्म्यावर. हे पेपरात मोठ्या अक्षरात येत नाही, ‘समान वेतन’ मात्र पहिल्या पानावर येतं.

लीगचंही तसंच. २०२३ मध्ये डब्ल्यूपीएलच्या, म्हणजे महिलांच्या आयपीएलच्या, पहिल्या लिलावात आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले आणि सगळीकडे पेढे वाटल्यासारखं झालं, आणि वाटायलाच पाहिजेत, कारण मिताली राजनेच सांगितलंय की २००५ च्या वर्ल्ड कपमध्ये टीम फायनलला पोचली तेव्हा एका मॅचचे १००० रुपये मिळाले होते. तिथून इथे येणं ही साधी गोष्ट नाही. पण आयपीएल २०२५ च्या लिलावात ऋषभ पंत एकटा २७ कोटींना गेला आणि डब्ल्यूपीएलच्या एका अख्ख्या टीमची पर्स, म्हणजे सगळे खेळाडू घ्यायचे पैसे, आहे १५ कोटी. म्हणजे एका पंतच्या पैशात पावणेदोन टीम येतात.

आता सासूबाईंच्या बाजूने नाही पण तुमच्या बाजूने एक खरी गोष्ट सांगते. तुमच्या पोरीचं पोट कशावर भरणार ते स्मृतीच्या आकड्यावरून ठरवू नका, देशांतर्गत क्रिकेटच्या आकड्यावरून ठरवा, कारण विदर्भाकडून खेळणाऱ्या बहुतेक मुली तिथेच खेळणार. सीनियर महिलांना बरीच वर्षं दिवसाला २० हजार मिळत होते, रणजी खेळणाऱ्या नव्या पोराला ४० हजार आणि जुन्याला ६० पर्यंत. डिसेंबर २०२५ मध्ये महिलांचे ५० हजार केले, ही खरी मोठी उडी होती आणि तिच्यावर सगळ्यात कमी बोललं गेलं. पण इथेही सीझनमध्ये किती दिवस खेळायला मिळतं त्यावर सगळा हिशोब. बाकी नोकरीसाठी रेल्वे आहे, भारतातल्या कितीतरी महिला क्रिकेटपटूंचं घर रेल्वेनेच चालवलंय, मिताली आणि हरमनप्रीत यांनीही रेल्वेत नोकरी केलीय. आणि नागपुरातून हे होत नाही असं कोणी म्हटलं तर मोना मेश्रामचं नाव सांगा, २०१७ च्या वर्ल्ड कपच्या टीममध्ये आपली होती ती.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. संध्याकाळी नेट्सवर जाऊन उभ्या राहा आणि बघा तुमच्या मुलीच्या हातात नवा बॉल कधी येतो. फी तुम्ही तेवढीच भरता ना? बऱ्याच ठिकाणी पोरींना शेवटची दहा मिनिटं, अंधार पडायला लागल्यावर, जुना बॉल. मग पाच वर्षांनी सगळे म्हणतात पोरींच्या बॉलिंगला स्पीडच नसते.

नमस्कार. मी रिटायर्ड माणूस आहे, महालात राहतो, कोणाचा अपमान करायचा हेतू नाही. परंतु साधा बाजाराचा नियम आहे की ज्याला जास्त लोक बघतात त्याला जास्त पैसा मिळतो. इतवारीत ज्याच्या दुकानात गिऱ्हाईक त्याचा गल्ला भरतो. यात स्त्री-पुरुष आणता कशाला? बायकांचे सामने लोक बघत नाहीत, त्यात अन्याय कुठून आला?
– एक ज्येष्ठ वाचक, महाल

काका, तुमचा मुद्दा टाकाऊ नाही. आयपीएलचे पाच वर्षांचे टीव्ही आणि डिजिटल हक्क ४८,३९० कोटींना गेले, डब्ल्यूपीएलचे पाच वर्षांचे ९५१ कोटींना. एवढा फरक असताना पगार सेम करा असं मीही म्हणणार नाही, उद्या पंतएवढेच पैसे सगळ्यांना द्या असं कोणी शहाणी खेळाडूही म्हणत नाहीये.

पण तुमच्या इतवारीचंच घ्या. एकाला मेन रोडवर दुकान दिलं आणि दुसऱ्याला पन्नास वर्षं शटरच उघडू दिलं नाही, मग एक दिवस म्हणायचं बघा याच्याकडे गिऱ्हाईक नाही, हा कोणता बाजार? मी हे उगाच रंगवून सांगत नाहीये, असं अगदी झालंय. इंग्लंडमध्ये १९२० साली, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांची फुटबॉल मॅच झाली, डिक कर लेडीज नावाची कारखान्यातल्या कामगार मुलींची टीम होती, आणि बघायला ५३ हजार लोक आले. त्रेपन्न हजार, काका, त्या काळात! पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांना शोभत नाही आणि आपल्या क्लबांनी त्यांना मैदान देऊ नये. ती बंदी उठायला १९७१ पर्यंत वेळ गेला. म्हणजे लोक बघत नव्हते म्हणून बंद नाही केलं, लोक बघायला लागले तेव्हा बंद केलं.

आपल्याकडे बंदी नव्हती, आपल्याकडे नुसतं दुर्लक्ष, ते जास्त स्वस्त पडतं. महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं २००६ मध्ये, त्याआधी वेगळी संघटना होती आणि तिच्याकडे पैशाची बोंब. आयपीएल सुरू झालं २००८ ला, महिलांची लीग २०२३ ला. पंधरा वर्षं एका पोराला क्लास लावला, दुसऱ्याला नाही, आणि आता दोघांची मार्कशीट शेजारी ठेवून बघतोय आपण.

आणि बाजाराचा नियम म्हणता तर तो सगळ्यांना लावा ना. रणजी बघायला किती जण जातात? विदर्भाने तीनदा रणजी जिंकली, २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५, शेवटची फायनल तर इथेच जामठ्याला झाली केरळविरुद्ध. मला अभिमान आहे, तुम्हालाही असणार. पण जामठ्याचा स्टँड रणजीला भरतो का? तिकिटावर आणि टीव्हीवर रणजी स्वतःचा खर्च काढते का? नाही काढत. बोर्ड वरच्या मॅचेसचा पैसा खाली वळवतं, आणि ते बरोबरच करतं, तसं केलं नाही तर नवे खेळाडू कुठून येणार. मग रणजीच्या पोराला पैसे देताना ती गुंतवणूक आणि पोरींना देताना ते दान, बाजार फक्त तेव्हाच आठवतो, हे मला खटकतं.

अमेरिकेत हे भांडण कोर्टात गेलं. तिथली महिला फुटबॉल टीम चार वेळची वर्ल्ड चॅम्पियन, पुरुषांची टीम त्याच्या जवळपासही नाही, तरी पैसे पुरुषांना जास्त. २०१६ ला मुलींनी तक्रार केली, २०१९ ला महिला दिनाच्या दिवशीच केस टाकली, आणि २०२२ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्यानंतरचा करार तर अजून भारी, वर्ल्ड कपमध्ये दोन्ही टीमना जे बक्षीस मिळेल ते एकत्र करून सारखं वाटायचं. आयसीसीनेही २०२३ मध्ये आपल्या स्पर्धांची बक्षिसं सारखी करायचं ठरवलं, आणि २०२५ च्या महिला वर्ल्ड कपला जिंकणाऱ्यांना ४४.८ लाख डॉलर होते, २०२३ ला पुरुषांचा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाला ४० लाख. तो महिला कप आपणच जिंकला, २ नोव्हेंबरला, डी वाय पाटीलवर साउथ आफ्रिकेला ५२ रननी हरवून. त्या रात्री महालात फटाके वाजले असतील तर ते गिऱ्हाईकच आहे ना काका? (बोर्डाने मात्र या टीमला ५१ कोटी दिले, त्याच्या आदल्या वर्षी टी-ट्वेंटी जिंकलेल्या पुरुष टीमला १२५ कोटी दिले होते. हा काही टीव्ही हक्कांचा हिशोब नव्हता, हे बोर्डाने आपल्या खुशीने दिलेलं बक्षीस होतं. खुशीतही फरक पडतोच.)

मी १६ वर्षांची आहे, प्रतापनगर, चेस खेळते. चेसमध्ये ताकद लागत नाही तरी बायकांचे टायटल वेगळे, बक्षीस कमी, आणि स्पर्धेत कोणी फोटो टाकला की खाली कमेंटमध्ये गेमबद्दल एक शब्द नाही, सगळं ड्रेस आणि केसांवर. मम्मी म्हणते अकाउंटच बंद कर. मी काय करू?

अकाउंट बंद करायचं की नाही ते तू ठरव, पण तू एकटी नाहीस हे आधी ऐक. आपल्याच नागपूरच्या दिव्या देशमुखने जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या विक आन झी इथल्या स्पर्धेनंतर उघडपणे लिहिलं होतं की बघणारे लोक तिच्या चालींऐवजी तिचे कपडे, केस आणि बोलण्याची ढब यावरच बोलत होते आणि पुरुष खेळाडूंच्या बाबतीत असं होत नाही. अठरा वर्षांची होती तेव्हा. त्यावरही लोकांनी तिलाच शिकवलं, सवय कर म्हणून. दीड वर्षाने, २८ जुलै २०२५ ला, बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून तिने महिला वर्ल्ड कप जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. नागपूर एअरपोर्टवर गर्दी मावत नव्हती. त्या गर्दीत आधी ड्रेसवर कमेंट करणारे पण असतील, मला तर खात्रीच आहे.

टायटलचं म्हणशील तर दोन्ही बाजू आहेत. महिला ग्रँडमास्टरला २३०० रेटिंग लागतं आणि ग्रँडमास्टरला २५००, त्यामुळे काही जणींना वाटतं की हे टायटल म्हणजे कमी अपेक्षेचा शिक्का, आणि काही जणींना वाटतं की याच्यामुळेच पोरी खेळात टिकतात, स्पॉन्सर मिळतो, प्रवासाचा खर्च निघतो. मला दुसरं जास्त पटतं, निदान जोपर्यंत शंभर पोरांमागे दहा पोरी बोर्डवर बसतात तोपर्यंत. हंगेरीची जुडिथ पोल्गार बायकांच्या अजिंक्यपदाच्या वाटेलाच गेली नाही, बहुतेक पुरुषांसोबतच खेळली आणि २००५ मध्ये जगात आठव्या नंबरवर होती, २००२ मध्ये रॅपिडमध्ये कास्पारोव्हला हरवलं होतं. आणि एवढं लांब कशाला जायचं, मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये, १३ वर्षांच्या असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या तर इतका गोंधळ झाला की प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, शेवटी जागतिक चेस महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की महिलांना अशा स्पर्धेतून अडवता येणार नाही. तू आज ओपन गटात नाव टाकतेस ते त्या भांडणामुळे पण.

बक्षीस कमी हे मात्र तुझं शंभर टक्के खरं. २०२३ ला बाकूला दोन्ही वर्ल्ड कप एकाच वेळी झाले, ओपन जिंकणाऱ्या कार्लसनला १ लाख १० हजार डॉलर आणि महिला जिंकणाऱ्या गोर्याचकिनाला ५० हजार. पटावरचे चौकोन दोघांनाही ६४ च होते. नॉर्वे चेसने २०२४ पासून दोन्ही गटांची बक्षिसं सारखी केली, म्हणजे करायचं ठरवलं की होतं.

कमेंटचं असं कर, अकाउंटवर फोटोऐवजी गेम टाक, पोझिशन टाक, आणि कमेंट फक्त ओळखीच्यांना सुरू ठेव. आणि घाणेरडं काही असेल तर स्क्रीनशॉट काढून मम्मीला दाखव, डिलीट करू नकोस. मम्मीला माझा निरोप, गोष्ट बंद करायचीच असेल तर ती पोरीची नको, त्या लोकांची करूया.

टेनिसमध्ये बायका तीन सेट खेळतात, पुरुष पाच. कमी काम, सेम पैसे. हा तर उलटा अन्याय झाला ना भाऊ?
– धरमपेठ

भाऊ नाही, ताई. आणि तासावर पैसे द्यायचे तर उसेन बोल्टला दहा सेकंदांचे किती द्यायचे? पाच सेट फक्त ग्रँड स्लॅममध्ये, बाकी वर्षभर पुरुषही तीनच खेळतात, तेव्हा कोणी त्यांचे पैसे कापा म्हणत नाही. यूएस ओपनने १९७३ लाच बक्षीस सारखं केलं, बिली जीन किंग मागे लागली म्हणून. विम्बल्डनला तेच करायला २००७ उजाडलं. बायका पाच सेट खेळायला तयार आहेत असं बिली जीनपासून सगळ्या सांगत आल्यात, सेट किती ते आयोजक ठरवतात.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, त्याला दोरीचा मल्लखांब आवडतो. पुरलेल्या खांबावर चढतच नाही. त्याचे काका म्हणतात दोरी पोरींची, हा असाच राहील. मला राग येतो पण उत्तर सुचत नाही.
– नंदनवन

उत्तर सोपं आहे, स्पर्धेत मुलांसाठीही दोरीचा प्रकार असतो, काकांना म्हणावं एकदा या आणि दोरीवर पाच सेकंद लटकून दाखवा. हातापायाच्या पकडीला जो जोर लागतो तो बघून काका गप्प बसतील. पण तुमचा राग बरोबर आहे, ही मापं मुलांनाही बसत नाहीत. ऑलिम्पिकमध्ये रिदमिक जिम्नॅस्टिक्स अजूनही फक्त बायकांचं आहे. आर्टिस्टिक स्विमिंगमध्ये पॅरिसला, २०२४ मध्ये, पहिल्यांदा पुरुषांना परवानगी मिळाली, आणि कुठल्याच देशाने एकही पुरुष निवडला नाही. दार उघडलं तरी आत कोणी घेतलं नाही, अगदी तसंच जसं पोरींच्या बाबतीत होतं. त्याला चढू द्या दोरीवर.

मी हिंगणा रोडला राहते, मानकापूरला प्रॅक्टिस करते, दहा किलोमीटर धावते. आपल्या भागातल्या एका रनमध्ये पुरुषांना पहिलं बक्षीस १५ हजार आणि महिलांना ८ हजार होतं. विचारलं तर म्हणाले महिलांच्या एंट्रीच कमी येतात. पुढच्या वेळी धावू की नको?

धाव. पण फॉर्म भरायच्या आधी भांड.

एंट्री कमी हे कारण ऐकायला बरं वाटतं पण एंट्री फी तुला अर्धी होती का? अंतर साडेपाच किलोमीटर होतं का? आणि एंट्री कमी का येतात ते त्यांनी स्वतःलाही विचारावं, पहाटे पाचला स्टार्ट लाईनवर एकट्या मुलीने पोचायचं कसं, कपडे बदलायला तंबू आहे का, रस्त्यात टॉयलेट आहे का. बायकांना लांबचं पळणं झेपत नाही हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की १९२८ च्या ऑलिम्पिकनंतर बायकांची ८०० मीटर शर्यतच काढून टाकली, ती परत आली १९६० ला, आणि मॅरेथॉन तर १९८४ पर्यंत नव्हती. १९६७ मध्ये बोस्टन मॅरेथॉनला कॅथरीन स्विट्झर धावत होती तर एक अधिकारी मध्येच धावत येऊन तिला ओढून बाहेर काढायला लागला. आज मुंबई मॅरेथॉनमध्ये एलिट गटात पहिल्या आलेल्या पुरुषाला आणि पहिल्या आलेल्या महिलेला सारखंच बक्षीस मिळतं, एंट्री तिथेही पुरुषांच्याच जास्त असतात.

बहिष्काराचं म्हणशील तर त्याने काम होतं, पण नाव मोठं लागतं. दीपिका पल्लीकल बक्षीस सारखं नाही म्हणून २०१२ पासून चार वर्षं राष्ट्रीय स्क्वॉश स्पर्धेला गेलीच नाही, २०१६ ला केरळमध्ये बक्षीस सारखं केलं तेव्हा गेली आणि जिंकली. तू नाही गेलीस तर आयोजकांना कळणारही नाही, वाईट वाटून घेऊ नको. म्हणून एकटी जाऊ नकोस. मानकापूरला तुझ्यासोबत पळणाऱ्या सगळ्या मुलींच्या सह्या घे, आणि गेल्या वर्षी पुरुषांत पहिल्या तिघांत आलेल्यांपैकी एकाची तरी घेच, त्याच्या सहीचं वजन जास्त पडेल, दुर्दैवाने. अर्ज आयोजकांना दे आणि एक कॉपी ज्याचं नाव टी-शर्टवर छापतात त्या स्पॉन्सरला दे, तिथून फोन लवकर जातो. आणि हे दिवाळीच्या आधीच कर, कारण थंडी पडली की नागपुरात रनचा सीझन सुरू होतो आणि मग ते म्हणतील ताई, आता तर बॅनर छापून झाले.